दर्दींचे कान

कानवाल्या बाईंचा एखाद्या गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास बसला, असं बावीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. इस्पितळात कान तपासायचं यंत्र चालवणं हे त्यांचं काम. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना 'कानवाल्या बाई'च म्हणत. तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे त्यांची खोली होती आणि त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली: काचेची खिडकी, भिंतींना आतून जाड फोम, दार लावलं की बाहेरच्या आवाजाला ठार मज्जाव. आत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं. बाई बाहेर यंत्राशी बसून बारीक बारीक आवाज सोडत. ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचं, की बाईंसमोर हिरवा दिवा लागे.

काम इतकं सोपं, पण समोरचा सरळ असेल तर. बहिरेपणाचा दाखला मिळाला की कुणाची बदली टळते, कुणाला अपघाताची भरपाई मिळते. त्यामुळे चांगले ठणठणीत कानांचे लोक आत येऊन धोंड्यासारखे बसत. एकदा असाच एक आडदांड गृहस्थ तासभर हूं की चूं न करता बसला होता. बाईंनी कंटाळल्याचं सोंग केलं, दार उघडलं, त्याच्याकडे पाठ करून कागद आवरता आवरता पुटपुटल्या, "जा आता. खुर्चीखाली रुमाल पडलाय तेवढा उचला." गडी वाकला. रुमाल काही नव्हता.

अशा कामाने माणसाचा पिंडच तसा होतो. दूध घेताना बाई भांडं उजेडात धरायच्या. शेजारीण गोड बोलली की हिला काय हवंय, हा पहिला विचार. नवऱ्याने डोकं दुखतंय म्हटलं की "कुठली बाजू?" असं विचारायच्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारायच्या, बाजू बदलली का ते बघायला. नवरा पोस्टात पत्रं निवडायचा. माणूस थंड डोक्याचा. "अगं, एक दिवस आरशावरसुद्धा संशय घेशील," तो म्हणायचा.

"घेतलाय," बाई म्हणायच्या. "डावीकडून बारीक दाखवतो तो."

अशा या बाईंना एकच वेड होतं, गाण्याचं. दर शनिवारी दुपारी चार वाजता त्या एका टेलरमास्तरांच्या दुकानावरच्या खोलीत जात. मास्तर खाली कोट शिवायचे आणि वर आयुष्यभर जमवलेल्या तबकड्या ठेवायचे. भिंतभर कपाटं, मधे जुनं प्लेअर, दोन मोठे लाकडी स्पीकर आणि नऊ-दहा खुर्च्या. नियम एकच होता: धंदा जिन्याखाली ठेवून वर यायचं. कोण काय काम करतो हे विचारायचं नाही, सांगायचं नाही. पूर्वी म्हणे एक दाताचे डॉक्टर येत असत. गाणं संपायच्या आत लोक त्यांच्यासमोर आ करून बसू लागले, तेव्हा ते यायचे बंद झाले. तेव्हापासून मास्तरांनी हा दंडक घातला.

नियम पाळणं वेगळं आणि नाक बंद ठेवणं वेगळं. बाईंनी चार वर्षांत मनातल्या मनात सगळ्यांची चौकशी करून टाकली होती. कोपऱ्यात बसणाऱ्या हाडकुळ्या गृहस्थांच्या अंगाला कसलासा औषधी वास यायचा, त्यांना बाईंनी शवागारात कामाला लावलं होतं. एका जाड्या माणसाच्या हातांवर भाजल्याचे डाग होते, तो लोहार नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. घोगऱ्या आवाजाच्या एक बाई होत्या, त्या नक्की शाळेत पोरांवर ओरडत असणार. पुरावा कशालाच नव्हता, पण बाईंना पुराव्यावाचून झोप लागायची. संशयावाचून लागत नसे.

आणि एक होते दर्दी. हे त्यांचं तिथलं नाव. साठीला टेकलेला, उंच, जरा वाकलेला माणूस. स्पीकरला खेटून बसायचा, एक तळहात स्पीकरच्या लाकडावर टेकलेला, डोळे अर्धवट मिटलेले. गाणाऱ्याने एखादी अवघड जागा घेतली की त्यांच्या तोंडून हलकेच "वा" निघायचं. मोठ्याने नाही, दाखवायला नाही. पण ते निघालं की खोलीतल्या सगळ्यांना कळायचं, काहीतरी घडलं. नव्याने येणारे लोक गाणं ऐकायच्या आधी दर्दींकडे बघायला शिकत.

बाईही त्यांच्याकडे बघत आणि मनातून जळत. बाईंचे कान यंत्रावर तपासलेले, शंभर नंबरी. डास भिंतीच्या पलीकडे गुणगुणला तरी त्यांना कळे. पण त्यांचं 'वा' कधी वेळेवर निघालं नाही. एकतर आधी, नाहीतर सगळ्यांचं झाल्यावर, वरातीमागून घोडं. आपल्याला ऐकू येतं, पण कळत नाही, हे शल्य त्यांनी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी तबकडीच्या मधेच सुई अडकली. तीच ती अर्धी ओळ पुन्हा पुन्हा वाजू लागली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, मास्तर उठले. दर्दी मात्र मान डोलवत होते. मास्तर उठलेले दिसले तेव्हा त्यांची मान थांबली, आणि मग त्यांनीही तोंड वाकडं केलं.

क्षणाचाच फरक. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नसता. बाईंच्या पाठीतून मात्र मुंगी चालत गेली. बावीस वर्षं त्या हाच क्षण मोजत आल्या होत्या, आवाज आणि दिवा यांच्या मधला.

पुढच्या शनिवारी त्यांनी दर्दींच्या मागे उभं राहून किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पाडला. पुढच्या रांगेतल्या तिघांनी दचकून मागे पाहिलं. दर्दींनी पाहिलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी तोंडावर रुमाल धरून, सर्दी झाल्यासारखं करून त्यांनी विचारलं, "खिडकी लावू का जरा?"

"फारच सुंदर," दर्दी प्रसन्नपणे म्हणाले.

"अहो, तो माणूस बहिरा आहे," त्या रात्री जेवताना बाईंनी नवऱ्याला सांगितलं.

"कोण?"

"दर्दी. बारीक आवाज तर बिलकुल जात नाहीत कानात. जाड, खर्जातले जात असतील थोडे."

नवऱ्याने घास खाली ठेवला. "आजवर ऐकू येणाऱ्यांना पकडत होतीस. आता न येणाऱ्यांना धरणार का? बहिरा असला तर असू दे की. कुणाचं काय जातं?"

"मग लपवतो कशाला? लपवतो त्या अर्थी काहीतरी जात असणार कुणाचं तरी."

एवढ्यावर थांबतील त्या बाई कसल्या. आपण निष्कारण एका भल्या माणसाच्या मागे लागलोय की काय, आणि लागलोय ते त्याच्या 'वा'च्या मत्सराने तर नाही ना, असाही संशय त्यांना आला. पण स्वतःवरचा संशय त्यांनी पुढच्या खेपेला ठेवला. मास्तरांकडे कोणती तबकडी किती वेळा वाजलीय हे बाईंना पाठ होतं. दर्दींनी ती सगळी गाणी तरुणपणी ऐकलेली असणार, ती त्यांच्या डोक्यातच वाजत असणार. म्हणून बाईंनी शोधून शोधून एक नवी तबकडी विकत आणली, कुणीच न ऐकलेली. एका बाईचा अतिशय बारीक, वरच्या पट्टीतला आवाज आणि सोबत फक्त बासरी.

मास्तरांनी ती लावली. दर्दींनी हात स्पीकरवर टेकवला, मग तळहात जरा हलवून बघितला, जसा अंधारात माणूस दिव्याचं बटण चाचपतो. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनाही गाणं नवीन, ते आपल्याच नादात. तेव्हा दर्दींनी डोळे मिटून घेतले आणि तसेच बसून राहिले. गाणं संपलं. सुई रिकाम्या खाचेत खरखरत फिरू लागली. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, दर्दी डोळे मिटून होतेच. त्यांची समाधी मोडू नये म्हणून सगळे कुजबुजत बोलू लागले. शेवटी डोळे उघडून, आजूबाजूला उभी माणसं बघून ते म्हणाले, "शेवट फार छान केला."

"याला म्हणतात ऐकणं," जाडा माणूस भारावून म्हणाला.

जिना उतरताना मास्तरांनी बाईंना गाठलं. "ती तबकडी पुन्हा आणू नका," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"का? आवडली नाही?"

"आवडली. म्हणूनच सांगतो, आणू नका." आणि दुकानात जाऊन त्यांनी मशीन सुरू केलं. म्हणजे मास्तरही यात सामील होते. बाईंची खात्रीच पटली. दोघे मिळून काहीतरी लपवत होते, आणि ते साधंसुधं नव्हतं.

ते काय आहे, हे पंधरा-वीस दिवसांनी आपल्या पायांनी चालत बाईंच्या दारात आलं. एका अवजारांच्या कारखान्याने सगळ्या कामगारांचे कान तपासून घ्यायचं ठरवलं होतं. रोज सहा-सात जण येत. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला बाईंनी चौथा कागद उचलला, दार उघडलं, आणि बाकावर दर्दी बसलेले.

दर्दींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, मग त्यांनी हसून नमस्कार केला. "बाई, तुम्ही इथे असता होय?"

"या आत," बाई म्हणाल्या. उंदीर दिसलेल्या मांजरासारख्या त्या दबकत बाजूला झाल्या.

दर्दी आतल्या खोलीत बसले. बाईंनी आवाज सोडायला सुरुवात केली. खर्जातले आवाज, हिरवा दिवा. मधले आवाज, हिरवा दिवा. वरचे, बारीक, ज्यांना चाळिशीचे लोकही कधीकधी फसतात ते आवाज, आणि तरीही हिरवा दिवा. एकही चूक नाही. बाईंनी मान वर करून काचेतून पाहिलं. दर्दी समोर बघत नव्हते. त्यांचे डोळे तिरके होऊन काचेच्या कोपऱ्यातून बाईंच्या कोपरावर खिळले होते.

बाईंनी यंत्राचा आवाज पार बंद केला आणि नुसताच हात हलवला.

हिरवा दिवा लागला.

त्यांनी पुन्हा हलवला. पुन्हा दिवा. तिसऱ्यांदाही. मग बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि दर्दींकडे पाहत राहिल्या. दर्दींना कळलं. त्यांनी स्वतःच हेडफोन काढले, नीट खुंटीला लावले आणि बटण बाईंच्या समोर आणून ठेवलं.

"केव्हा ओळखलंत?" त्यांनी विचारलं.

"सुई अडकली त्या दिवशी." बाई त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ नीट उघडून बोलत होत्या. "कारखान्यात काम काय करता?"

दर्दी खाली बसले. "ग्राइंडरला दगडी चाकं लावतात, धातू घासायची. ती कोठारात माझ्याकडे येतात. प्रत्येक चाक बोटावर टांगायचं, पेचकसाच्या लाकडी मुठीने ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं असेल तर घंटेसारखं वाजतं. आत तडा असेल, डोळ्याला न दिसणारा, तर बद्द वाजतं. बद्द वाजलं की बाद. सतरा वर्षं हेच करतोय."

बाईंनी विचारलं, "आणि तडा गेलेलं चाक लावलं तर?"

"मिनिटाला हजारो फेरे घेतं ते. फुटलं तर समोर उभा असलेला माणूस..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"हे ठाऊक असून तुम्ही..."

"सतरा वर्षांत माझ्या हातून गेलेलं एकही चाक फुटलेलं नाही, बाई. कान मंद झाल्यापासून मी बोटाने ऐकतो. चाक बोटावर टांगलं की त्याची थरथर हाडापर्यंत जाते. चांगल्या चाकाची लांब जाते, तडकलेल्याची लगेच मरते. स्पीकरवर हात ठेवून मी काय करतो असं वाटलं तुम्हाला?"

बोलणं खरं वाटण्यासारखं होतं. बाईंना आजवर भेटलेल्या सगळ्या लबाडांचं बोलणं खरं वाटण्यासारखंच असायचं. "प्रत्यक्ष बघितल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग येऊन बघा."

"येईन. उद्याच. तोवर एकाही चाकाला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, कामाच्या जागेचा आवाज मोजायचा म्हणून रीतसर परवानगी काढून बाई कारखान्यात गेल्या. कोठार पत्र्याचं, आत दगडी धुळीचा कोरडा वास. फळ्यांवर चाकं रचलेली, काही ताटाएवढी, काही वाटीएवढी, काही तर हाताच्या मुठीत मावतील इतकी. फोरमन म्हणून एक चौकोनी चेहऱ्याचा माणूस होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हसला आणि मग दर्दींच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला.

बाईंनी बाद झालेल्या चाकांच्या पेटीतून बारा चाकं काढायला लावली (त्यांत लहान एकही नव्हतं), फळीवरच्या, दर्दींनी चांगली ठरवलेल्या लहानमोठ्या अठरांत मिसळली, खडूच्या खुणा पुसून टाकल्या आणि दर्दींना बाहेर पाठवून सगळी स्वतःच्या हातांनी पिसली, पत्ते पिसावेत तशी. मग दर्दींना आत बोलावलं.

मोठ्या चाकांपासून सुरुवात झाली. दर्दींनी पहिलं चाक बोटावर तोललं, मुठीने हलकेच ठोकलं. टण्ण आवाज उठला आणि पत्र्याखाली घुमत राहिला. "चांगलं." दुसरं. "चांगलं." तिसऱ्याला बद्द आवाज आला, जसा ओल्या भिंतीवर थाप मारावी. "बाद." बाई कानांनी ऐकत होत्या, दर्दी बोटाने, आणि दोघांचा निकाल प्रत्येक वेळी एकच. बाईंनी हातातल्या कागदावर खुणा करता करता दोनदा त्यांच्याकडे चोरून पाहिलं. हा माणूस फोरमनच्या चेहऱ्यावरून तर ओळखत नाही ना? त्यांनी फोरमनला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं आणि स्वतःही पाठ फिरवली. तरी एक चूक नाही. मोठी चाकं संपली, मधली संपली. आपण चुकलो, आणि चुकलो हे किती बरं झालं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटू लागलं होतं.

लहान चाकं आली. लहान चाकाचा आवाज फार बारीक असतो, चमच्याने काचेचा पेला वाजवावा तसा. दर्दींनी दोन चांगली म्हणून बाजूला ठेवली, बरोबर होती. तिसरं ठोकलं. टप्प. त्यात जीवच नव्हता.

"चांगलं," दर्दी म्हणाले.

बाईंनी वळून पाहिलं. "पुन्हा ठोका."

टप्प. "चांगलं."

"पुन्हा."

तिसऱ्यांदा त्यांनी चाक बोटावर बराच वेळ धरून ठेवलं. डोळे मिटले. "चांगलं आहे, बाई," ते म्हणाले, पण आवाजात आता ठामपणा नव्हता. फोरमनने ते चाक त्यांच्या हातातून घेतलं, स्वतः ठोकलं. मग कडेच्या बादलीत बुडवून बाहेर काढलं, पुसलं. पाणी सुकत गेलं तशी एक केसाएवढी ओली रेघ मधल्या भोकापासून काठापर्यंत उमटून राहिली.

दर्दी ती रेघ बघत उभे राहिले. बाईंनी अनेक लबाडांचा खोटेपणा उघडा पडताना पाहिला होता. कुणी चिडतो, कुणी पाया पडतो, कुणी उलट दम देतो. दर्दींनी यातलं काहीच केलं नाही. ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं." आणि मग लगेच फोरमनला, "लहान चाकं लावलेली सगळी मशिनं बंद करा. आत्ता."

"अहो, पण एवढ्या..."

"आत्ता करा. माझ्या खुणेची सगळी लहान चाकं परत आणा."

कारखान्याचा घरघराट तुकड्यातुकड्याने थांबत गेला. फळ्यांवरची आणि मशिनवरची मिळून तीनशेच्या वर लहान चाकं जमा झाली. एक चाक फोरमन ठोकत होता, एक बाई. बाईंनी असलं काम कधी केलं नव्हतं, पण त्यांच्या कानांना शिकवायची गरज नव्हती. दर्दी एकेक चाक उचलून दोघांच्या हातात देत होते. संध्याकाळपर्यंत चार बाद निघाली. तीन फळीवरची. चौथं सकाळपासून एका मशिनवर फिरत होतं. त्या मशिनवरचा कामगार नुकतंच लग्न झालेला, जरा बडबड्या माणूस होता. त्याला चाक दाखवलं तेव्हा तो खाली बसला आणि ते बोटावर टांगून स्वतःच ठोकू लागला.

बाईंनी खरा अहवाल लिहिला. दर्दींनी त्यांना थांबवलं नाही, विनवलंही नाही. फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मोठ्या चाकांवर माझा इतका भरवसा बसला, की लहान चाकं मी कधी तपासूनच पाहिली नाहीत. स्वतःवर थोडा संशय ठेवायला हवा होता, तुमच्यासारखा."

घरी गेल्यावर त्या नवऱ्याला सगळं सांगायला बसल्या आणि सांगता सांगता रडल्या. नवऱ्याने कारण विचारलं नाही. "एक माणूस वाचला की गं," तो म्हणाला.

"दुसरा बुडाला," बाई म्हणाल्या.

त्या शनिवारी दर्दी आले नाहीत. पुढच्याही नाही. तिसऱ्या शनिवारी मास्तरांनी तबकडी हातात घेतली, पण लावली नाही. ते बाईंकडे वळले. आता संशय घ्यायची पाळी दुसऱ्यांची होती.

"तो येत नाही. घरी गेलो तर दार उघडतो, पण बोलत नाही. तुम्ही काय केलंत त्याला?"

सगळ्या खुर्च्या बाईंकडे वळल्या. नियम मोडल्याशिवाय उत्तर देता येणार नव्हतं. बाईंनी तो मोडला. आपण काय काम करतो, दर्दी काय करतात, चाक कुठे सापडलं, सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," मास्तर म्हणाले. "ऐकू येत नाही हे. पाच वर्षं झाली. नवी तबकडी असली की मी खूण करायचो, पायाने त्याच्या खुर्चीवर ताल धरायचो. त्याला पोचायचा. तुमच्या तबकडीला मात्र मीच रमलो आणि खूण राहून गेली. पण तो कामावर काय करतो ते मी कधी विचारलं नाही. नियमच माझा." ते खुर्चीत बसले. "तो नसला तर मी लावू कुणासाठी? तुम्ही लोक ऐकता. तो ऐकायचा."

"मी बेकरीत असतो," जाडा माणूस एकदम म्हणाला, जणू कुणीतरी त्याला विचारलं होतं. "भट्टीवर. दिवसभर पंख्याची घरघर. माझे कानही तपासायला हवेत बहुतेक." मग एकेक जण बोलू लागला. घोगऱ्या बाई बसस्थानकावर गाड्या पुकारायच्या. ज्यांना बाईंनी चार वर्षं शवागारात डांबलं होतं ते हाडकुळे गृहस्थ पोहण्याच्या तलावावर पाण्यात क्लोरीन घालायचं काम करत. बाईंनी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

दर्दींना कारखान्याने काढलं नाही. फोरमनने शब्द टाकला, असं नंतर कळलं. मोठी चाकं त्यांच्याकडेच राहिली, पण प्रत्येक चाक दुसरा माणूस कानाने ऐकून घेणार. लहान चाकं पूर्ण दुसऱ्याकडे गेली. कारखान्याकडून श्रवणयंत्र मंजूर झालं, आणि ते बसवून घ्यायला दर्दींना कानवाल्या बाईंकडेच यावं लागलं.

तो दिवस काही आनंदाचा नव्हता. यंत्र कानात घालून बाईंनी ते सुरू केलं तेव्हा दर्दींनी दोन्ही हात कानांवर नेले. "हे काय आहे?"

"पंखा," बाई म्हणाल्या.

"आणि हे?"

"माझ्या हातातला कागद."

"इतका आवाज करतो कागद?" ते वैतागून म्हणाले. "तुम्ही लोक राहता कसे यात?"

पुढच्या शनिवारी मास्तर आणि बाई दोघे त्यांच्या घरी गेले आणि त्यांना घेऊनच आले. मास्तरांनी त्यांची आवडती तबकडी लावली. दर्दींनी अर्धी ऐकली आणि मान हलवली. "पत्र्याच्या डब्यात गातोय. हा तो नव्हे."

"तोच आहे," मास्तर म्हणाले.

"मग माझ्या डोक्यात इतकी वर्षं कोण गात होता?"

दर दोन आठवड्यांनी बाई ते यंत्र थोडं थोडं जुळवत राहिल्या, वरचे आवाज कमी, खालचे जरा जास्त. दर्दी तक्रारी करत राहिले, पण यायचे. चार महिन्यांनी एका शनिवारी ते नेहमीच्या जागी, स्पीकरशी बसले होते. गाणं रंगात आलं तेव्हा त्यांचा हात वर गेला, कानामागे थोडा वेळ थांबला आणि खाली येऊन मांडीवर स्थिरावला. बाईंनी ते पाहिलं. आवाज वाढवला, कमी केला की यंत्र सरळ बंदच करून टाकलं, हे ओळखणं त्यांना अवघड नव्हतं. किल्ल्या पर्समधेच होत्या. त्यांनी पर्स उघडली नाही. दर्दींच्या तोंडून 'वा' निघालं आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने, कुणाकडे न बघता, बाईंच्याही.